चर्चचा मालक कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत चर्चच्या कारभारावर लेख आला होता तो वाचला. त्यात एकाच माणसाला आधी पाळक, मग फादर आणि शेवटी बिशप म्हटलंय, म्हणजे दोन कॉलममध्ये बिचाऱ्याला दोन बढत्या मिळाल्या! हसू आलं, पण राग नाही आला, कारण आमच्यातल्याही निम्म्या लोकांना हे धड सांगता येत नाही. मी एका मंडळीची (म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समूहाची) नऊ वर्षं खजिनदार होते आणि तेव्हाही ओळखीतलं कोणी ना कोणी विचारायचंच, तुमच्या चर्चचा मालक कोण हो? यावर काय बोलायचं ते मला कधीच सुचायचं नाही.

खरं तर सगळी गडबड तीन ग्रीक शब्दांची आहे. एपिस्कोपोस म्हणजे देखरेख करणारा, त्याचा पुढे बिशप झाला. प्रेस्बिटेरोस म्हणजे वडीलधारा, ज्याला मंडळीत नुसतं वडील म्हणतात, आणि डियाकोनोस म्हणजे सेवक, ज्याला डीकन म्हणतात. गंमत म्हणजे बायबलच्या नव्या करारात पहिले दोन शब्द एकाच माणसांना लावलेले सापडतात, त्यातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात प्रेषित पौल इफिसच्या वडिलांना बोलावतो आणि त्यांनाच पुढे देखरेख करणारे म्हणतो. म्हणजे कोण वर आणि कोण खाली हे सुरुवातीला पक्कं नव्हतंच, आणि पुढे प्रत्येकाने यातला आपल्याला पटला तो शब्द धरला आणि त्यावर घर बांधलं.

कॅथलिकांमध्ये धर्मग्रामाचे (म्हणजे एका स्थानिक चर्चच्या हद्दीचे) फादर कोण हे बिशप ठरवतात, लोक निवडून देत नाहीत. पण म्हणून फादर म्हणतील तसं, असंही नाही, १९८३ च्या कॅनन लॉ म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. पास्टोरल कौन्सिल म्हणजे चर्चच्या कामाबद्दलचं सल्लागार मंडळ मात्र बिशपना योग्य वाटलं तर, आणि तिचं मत फक्त सल्ल्यापुरतं. प्रेस्बिटेरियन मंडळीत बिशपच नसतो, पाळक आणि निवडलेले वडील मिळून सेशन ही मंडळीची समिती, त्याच्यावर अनेक मंडळ्यांची प्रेस्बिटरी, सगळ्यात वर जनरल असेंब्ली, आणि स्कॉटलंडच्या चर्चमध्ये त्या असेंब्लीचा मॉडरेटर म्हणजे अध्यक्ष एका वर्षात खुर्ची सोडतो. बाप्टिस्ट लोकांचं आणखीनच वेगळं, तिथे सभासद मत देऊन पाळक बोलावतात आणि मंडळीला हुकूम देणारं वर कोणीच नाही. आणि क्वेकर पंथाचे लोक तर मतदानच करत नाहीत, सगळ्यांचा सूर कुठे जुळतोय ते बघून सभा चालवणारा क्लार्क लिहून घेतो (आमच्या कमिटीत हे केलं असतं तर पहिला ठराव अजून लिहायचा बाकी असता). शिवाय मिश्रणंही आहेत, १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल असे सगळे एकत्र आले तेव्हा बिशप ठेवले पण जोडीला वडिलांची आणि सभासदांची सभाही ठेवली.

आता तुमच्या लेखाचा सूर असा होता की बिशप हटवा, लोकशाही आणा, मग सगळं सुरळीत होईल. इथेच माझं जमत नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशप आहेत आणि १९७० पासून जनरल सिनड ही प्रतिनिधींची सभाही आहे ज्यात बिशप, पाळक आणि सामान्य सभासद अशी तीन सभागृहं आहेत, तरीही एका जुन्या छळाच्या प्रकरणात तक्रार नीट पुढे गेली नाही असा अहवाल आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या चर्चचे सगळ्यात वरिष्ठ बिशप, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. बरं, बिशप नसले की झालं का? अमेरिकेच्या सदर्न बाप्टिस्टांमध्ये बिशप नाहीत आणि प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, पण २०२२ च्या चौकशी अहवालात काय निघालं तर आरोप असलेल्या पाळकांची यादी मुख्यालयात गुपचूप ठेवलेली, आणि मंडळ्या स्वतंत्र आहेत म्हणून आम्हाला काही करता येत नाही हेच कारण वर्षानुवर्षं पुढे केलेलं. एकीकडे तक्रार वर जाता जाता अडकली आणि दुसरीकडे वर घ्यायलाच कोणी नाही म्हणून पडून राहिली. मार खाल्लेल्याला दोन्हीकडे सारखंच.

म्हणून मला मालक कोण यापेक्षा तक्रार कोणाकडे जाते हे विचारावंसं वाटतं. चर्चची पहिली कमिटीच मुळी तक्रारीतून निघालेली आहे, प्रेषितांची कृत्ये ६ वाचा. ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांना वगळलं जातं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, काय केलं, तुम्हीच सात जण निवडा म्हणाले, आणि निवडलेली नावं बघा, स्तेफनापासून निकलावापर्यंत साती नावं ग्रीक. म्हणजे बहुतेक ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात वाटप दिलं. आजच्या कुठल्या कमिटीत असं होईल सांगा, आमच्याकडे तर तक्रार करणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत कोणी अनुमोदनही देत नाही.

आता माझीच गोष्ट सांगते, कारण दुसऱ्यांवर बोट दाखवणं सोपं असतं. आमच्याकडे आजारी आणि अडचणीतल्या लोकांसाठी मदत निधी होता. पूर्वी कमिटीतले लोक घरोघर जाऊन महिन्याची वर्गणी घ्यायचे, ते फार वेळखाऊ व्हायचं म्हणून मीच ठराव मांडला की वर्गणी थेट बँकेत भरा. सगळे खूश, पावत्यांचा त्रास गेला, वर्गणी वेळेवर यायला लागली. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी मोठ्या दिमाखात मदत निधीची शिल्लक वाचून दाखवली, टाळ्याही पडल्या. मग महिला मंडळातल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, शिल्लक उरली ते ठीक आहे बाई, पण वर्षभर आपल्यातलं कोणीच आजारी पडलं नाही का? कोणालाच काही बोलता येईना. लोक आजारी पडले होते, एकांचं तर मोठं ऑपरेशन झालं होतं, पण आम्हाला कळणार कसं, वर्गणीच्या निमित्ताने दारात जाणारं माणूसच मी बंद करून टाकलं होतं.

नंतर कुठेतरी मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा इतिहास वाचला तेव्हा अगदी ओशाळायला झालं. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला त्यांच्यावर इमारतीचं कर्ज होतं, ते फेडायला साधारण बारा-बारा जणांचे गट केले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि गटप्रमुखाने ती घरी जाऊन आणायची. पेनी आणायला गेलेल्यांना घरात काय चाललंय तेही दिसायला लागलं आणि त्यातूनच त्यांच्या क्लास मीटिंगा म्हणजे छोट्या गटांच्या बैठका सुरू झाल्या ज्यावर सगळी मेथडिस्ट चळवळ उभी राहिली. त्यांनी पैशाच्या निमित्ताने जे कमावलं ते मी पैशाच्याच सोयीसाठी घालवलं!

नंतर आम्ही घरभेटींसाठी चार जणांचा वेगळा गट केला आणि त्यात त्या आजींना घेतलं. त्यांना मिनिट्स लिहिता यायच्या नाहीत आणि मंडळीच्या घटनेचं कुठलं कलम काय तेही माहीत नव्हतं, पण कोणाच्या घरी काय दुखतंय हे पाळकांच्या आधी त्यांना कळायचं. कॅथलिकांमध्येही पोप फ्रान्सिस यांनी बोलावलेल्या सिनड या सभेत २०२३ ला पहिल्यांदा महिलांना मत मिळालं आणि २०२४ च्या शेवटच्या दस्तऐवजात पास्टोरल कौन्सिलसारखी सल्लागार मंडळं सक्तीची करा असं म्हटलंय. चांगलंच आहे, पण त्या मंडळात अशी एखादी आजी बसते का ते बघायला हवं, नाहीतर दर वेळी तेच वकील आणि तेच निवृत्त हेडमास्तर.

लेखाचा दुसरा भाग येणार असं खाली छापलंय. तर तुमच्या बातमीदाराने बिशपांची मुलाखत जरूर घ्यावी, पण त्याआधी एखाद्या मंडळीच्या वार्षिक सभेत मागच्या बाकावर बसावं, आणि खजिनदार हिशोब वाचायला उभा राहिला की किती जण हळूच उठून जातात ते मोजावं. आमच्याकडे सगळ्यात आधी कॉयरवाले, म्हणजे गाणारे, जायचे.

आपली,
एक जुनी वाचक, माजी खजिनदार