लिलावाच्या रांगेतच बीपी तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

निफाड तालुक्यातल्या एका गावात मी आशा स्वयंसेविका आहे. गरोदर बाई, बाळंतीण, तान्हं बाळ यांच्यासाठी आमच्याकडे नोंदवही, लसीच्या तारखा, पाठपुरावा सगळं ठरलेलं आहे, आणि ते हवंच. पण त्याच घरातला पन्नाशीचा कर्ता पुरुष आमच्या हाती लागत नाही. अंगावर काढून काढून शेवटी त्याला गाडीत घालूनच दवाखान्यात न्यावं लागतं. हे आता बघवत नाही, म्हणून हे पत्र.

३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका ओळखायचा फॉर्म, आम्ही घरोघरी भरतो. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असं त्यात विचारायचं असतं. सकाळी जावं तर पुरुष बागेत नाहीतर मार्केटला. मग बायको दारातूनच सांगते, "त्यांना काही नाही, चांगले धडधाकट आहेत. माझंच बघा." तिच्या शब्दावर त्याचा फॉर्म भरला जातो. तो घरी सापडलाच, तर अडचण वेगळी. आशा म्हणजे बहुतेक गावचीच सून. समोरचा माणूस नात्याने चुलत सासरा नाहीतर थोरला दीर लागतो. त्यांच्या कंबरेला टेप कसा लावायचा आणि दारू किती घेता हे कोणत्या तोंडाने विचारायचं? मी टेप त्यांच्या बायकोच्या हातात देते. काही जण पँटीचा नंबर सांगून मोकळे होतात. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर गेला की फॉर्ममध्ये धोक्याचे गुण धरतात, आणि इथे तो नीट मोजलाच जात नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला, स्त्रियांमध्ये २१ टक्क्यांना. म्हणजे दुखणं पुरुषांत जास्त, पण आमच्या आरोग्य केंद्रात रांग बायकांची. नसबंदीचं तर बोलायलाच नको. त्याच सर्वेक्षणात बाईच्या शस्त्रक्रियेवर विसंबणारी जोडपी ३७.९ टक्के आहेत आणि पुरुषाच्या नसबंदीवर विसंबणारी ०.३ टक्के. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांत होते, तरी भार बाईवरच.

पुरुष हट्टी म्हणून येत नाहीत, हे मला अर्धवट वाटतं. केंद्राची सकाळची ओपीडी आणि कांद्याचा लिलाव एकाच वेळी चालतात. ट्रॅक्टर रांगेत सोडून कोण येईल? ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवाल्याला तर श्वास घ्यायला सवड नसते. पानावर डाऊनी हा बुरशीचा रोग दिसला तर हा माणूस रात्री बॅटरीच्या उजेडात फवारणीचा ब्लोअर जोडतो. स्वतःच्या छातीत दुखलं तर पित्त झालं म्हणून सोडा पिऊन झोपतो. फवारणीनंतर डोकं धरतं, मळमळतं, दरदरून घाम येतो, तोंडाला लाळ सुटते. घरात म्हणतात ऊन लागलं आणि मेडिकलमधून गोळी आणतात. ही विषबाधेची लक्षणं असू शकतात. अशा वेळी कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठावा आणि फवारलेल्या औषधाची बाटली सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरवता येतात. सुरगाणा-पेठहून बागेच्या कामाला येणारे मजूरही याच फवाऱ्यात उभे असतात, आणि त्यांची नोंद ना त्यांच्या गावी ना आमच्याकडे.

प्रश्न पैशाचा म्हणावा तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्याच वर्षी अठरा वर्षांवरच्या पुरुषांच्या तपासणीची मोहीमही शासनाने काढली. मोहीम चांगली होती, मी स्वतः घरोघर सांगत फिरले. पण ती छाटणीच्या तोंडावर आली आणि पुरुषांनी केंद्रात यावं यावरच सगळी भिस्त होती. "बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची मागे लागते" ही भीती वेगळीच. गोळ्या न्यायलाही बायकोच येते. बरं वाटलं की तो गोळी सोडतो, आणि पुढे लकवा मारल्यावर घर सगळं तिच्या अंगावर पडतं.

भाव पडल्यावर मनात काय चालतं, ते तर तो बायकोलाही सांगत नाही. २०२२ मध्ये देशात आत्महत्या केलेल्यांत दर दहात सातहून अधिक पुरुष होते. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलायच्या सरकारी मदतसेवेचा, मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो बाजार समितीच्या वजनकाट्यावर मोठ्या अक्षरांत रंगवायला काय हरकत आहे?

माझं मागणं साधं आहे. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारांत गाड्या रांगेत तासन्‌तास उभ्या असतात. तिथेच आठवड्यातून एकदा टेबल मांडून बीपी, शुगर तपासावी, तोंडात तंबाखूचे चट्टे आहेत का पाहावं, दोन आठवड्यांवरचा खोकला असेल त्याची थुंकी तपासायला घ्यावी. ज्याचं काही निघेल त्याची चिठ्ठी त्याच्या गावच्या उपकेंद्राला जावी, म्हणजे गोळ्या त्याला गावातच मिळतील. सिन्नरकडे हेच दूध डेअरीवर होईल. निदान हंगामात तरी केंद्राची एखादी ओपीडी रात्री आठपर्यंत चालू राहावी. जागा बाजार समितीने द्यावी, मशीन आणि पट्ट्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने. आम्ही आशा यायला तयार आहोत; फक्त टेबलावर एक पुरुष आरोग्य कर्मचारी बसवा आणि त्यासाठी उपकेंद्रांतल्या त्यांच्या रिकाम्या जागा भरा. उन्हाळ कांद्याची आवक सुरू होण्याआधी हे व्हावं, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

आपली,
एक आशा स्वयंसेविका,
ता. निफाड, जि. नाशिक