नीलमातली रेघ हा दोष नव्हे

महोदय,

शनी मीन राशीत आल्यापासून कुंभ, मीन आणि मेष राशीच्या मंडळींना साडेसाती आहे आणि झवेरी बाजारात नीलमाची विचारणा वाढली आहे. आपल्या पुरवणीतही नीलमावर लेख आला. कोणत्या बोटात घालावा, कोणत्या वारी, किती रत्तीचा, हे सगळे त्यात होते. खडा दिसतो कसा, यावर मात्र एक ओळही नव्हती. मी आयुष्यभर काळबादेवीत पच्चीकाम केले, म्हणजे दागिन्यात खडे बसवले. नीलम हा माझा सर्वांत आवडता खडा. ज्योतिषाशी मला वाद घालायचा नाही, माझ्याकडे येणारे पुष्कळ लोक पत्रिका दाखवूनच येत. पण रेघ, ढग किंवा दुधाळपणा असलेला नीलम अनिष्ट, तो अगदी निर्दोषच हवा, हा जो सल्ला लेखात दिला आहे, त्याने लोकांचे फार नुकसान होते. ते थांबावे म्हणून लिहितो आहे.

नीलम जमिनीच्या पोटात तयार होतो. त्याच्या आत रुटाइल नावाच्या खनिजाच्या केसाहून बारीक सुया राहतात, त्याला आम्ही रेशीम म्हणतो. रंगाचे पट्टे पडतात. ते सरळ जातात आणि कोन करून वळतात. भिंगाखाली हे सगळे दिसते आणि त्यावरूनच पारखी सांगतो की खडा खाणीतला आहे. पूर्ण स्वच्छ नैसर्गिक नीलमही असतात, पण थोडे, आणि त्यांची किंमत नोकरदार माणसाला झेपणारी नसते. मग पाच-सहा रत्तीचा, गडद निळा, एकही रेघ नसलेला आणि खिशाला परवडणारा खडा येतो कुठून? भट्टीतून. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओगुस्त व्हर्नुई यांनी १९०२ साली ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची रीत जगापुढे आणली, आणि पुढच्या दशकभरात नीलमही तसाच बनू लागला. रसायन तेच, कठीणपणाही तोच. फरक एवढाच की त्याच्या आतल्या रेषा गोल वाकतात आणि कधी हवेचे बुडबुडे सापडतात. तो बनावट म्हणून विकला तर काहीच हरकत नाही. पण निर्दोष खडा मागणाऱ्या माणसाच्या गळ्यात तोच खाणीतला म्हणून पडतो.

दादरहून एक बाई आजेसासूची अंगठी घेऊन आल्या होत्या. "काका, यात रेघ आहे. गुरुजी म्हणाले, काढून टाका." दुसरीकडे त्यांना स्वच्छ खडा बदलून द्यायचे कबूलही केले होते, जुना खडा मजुरीत वळता करून. मी अंगठी दारात नेऊन पाहिली. फिकट निळा, सिलोनी वळणाचा खडा, कडेला रेशमाचा पुंजका. म्हटले, आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या, मग काय ते ठरवा. अहवाल आला: नैसर्गिक नीलम, तापवल्याची खूण नाही. जी रेघ काढून टाकायची होती, तीच त्याची जन्मखूण निघाली.

नीलम आणि माणिक हे एकाच खनिजाचे, कुरुंदाचे. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस्स. शुद्ध कुरुंदाला रंगच नसतो. त्यात क्रोमियमचा अंश शिरला की माणिक, लोह आणि टायटॅनियम दोन्ही शिरले की नीलम. माणिक रवीचे, नीलम शनीचा. बापलेकांचे वैर म्हणून दोन्ही एका हातात घालत नाहीत. पण कोंदणात बसवताना दोघेही कानशीला सारखेच दाद देत नाहीत. मोह्सच्या मापात दोघांचा कठीणपणा ९, वर फक्त हिरा. पाचू बसवताना जीव मुठीत धरावा लागतो, नीलम बसवताना हात मोकळा चालतो. रोज घालायच्या अंगठीला याच्यासारखा रंगीत खडा नाही.

आणि रंग! दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली नीलम पाहूच नये. तिथे सगळेच खडे चमकतात. चिमट्यात धरून दारात या. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारचा मुंबईचा उजेड यासाठी उत्तम, त्यात खडा खोटे बोलत नाही. काही खडे तिथे शाईसारखे काळवंडतात. लोह जास्त झालेल्या खड्यांचे हेच होते. चांगला नीलम त्या मंद उजेडातही आतून निळा राहतो. मग तो हळूहळू फिरवा. एका बाजूने जांभळट निळा, दुसरीकडून किंचित हिरवट, असे दोन रंग या खनिजात असतातच. कसबी कारागीर पैलू पाडताना हिरवट बाजू आडवी ठेवतो. श्रीलंकेच्या रत्नपुरा भागातले खडे अनेकदा वरून पूर्ण निळे दिसतात, पण पाण्याच्या वाटीत टाकून कडेने पाहिले तर रंग फक्त तळाच्या टोकाशी असतो, बाकी खडा पांढरा. ही फसवणूक नव्हे. तळाशी जपलेला तेवढा रंग अख्ख्या खड्यात पसरवणे हे कारागिराचे कसब आहे. उलट खडा फारच चपटा घासला असेल तर तो आपल्या वर्तमानपत्रावर ठेवा, मधून अक्षरे वाचता येतील. तिथून उजेड परत फिरत नाही, म्हणून मधोमध खडा फिका आणि निर्जीव दिसतो.

काश्मिरी नीलमाचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, खडा क्वचित कोणी पाहिलेला असतो. किश्तवाडजवळच्या पाडर भागात, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, १८८१च्या सुमारास दरड कोसळली आणि ते निळे खडे उघडे पडले. चांगला माल मिळाला तो पुढच्या पाच-सहा वर्षांतच. त्यांच्या आत अतिसूक्ष्म कण असतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि निळ्यात दुधाचे बोट फिरवल्यासारखा मऊपणा येतो. म्हणजे जगातला सर्वांत नावाजलेला नीलम नावाजला गेला तो आतल्या धूसरपणामुळे! आपल्या लेखाच्या यादीप्रमाणे तोही बाद ठरला असता.

तापवलेल्या खड्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण बाजारातले बहुतेक नीलम तापवलेले असतात. श्रीलंकेत ग्यूडा नावाचे दुधी खडे कवडीमोल असत. १९७०च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते नेले, दीड हजार अंशांच्या वर तापवले, आणि आतले रेशीम विरघळून त्यातले टायटॅनियम रंगात उतरले. हा रंग टिकतो. असा खडा घ्यायला माझी ना नाही, फक्त तो तापवलेला म्हणून आणि त्या भावात मिळावा. भेगांत निळी काच भरलेल्या खड्याचे मात्र तसे नाही. अंगठी मोठी करताना जोडणीची आच लागली की ती काच उकळून बाहेर येते, अंगठी तेजाबात, म्हणजे आम्लात, टाकली तर काचेचा पृष्ठभाग खाल्ला जातो.

एक गैरसमज मी रोज पाहत आलो. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षरी क्रमांक लागतो, आणि लोकांना वाटते खड्याचीही हमी मिळाली. हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याबद्दल तो काही सांगत नाही. वजनही कॅरटमध्ये मागा. कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, सगळीकडे तेच. रत्तीचे वजन कच्ची-पक्की म्हणून बदलते.

आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी बोट आणि वार जरूर सांगावा, पण सोबत हेही छापावे: खडा नैसर्गिक आहे का, तापवलेला आहे का, भरलेला आहे का, या तिन्हींची उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. दुकानदार लिहून देत नसेल तर खडा त्याच्या पुडीत परत ठेवून उठावे.

आपला,
काळबादेवीतला एक निवृत्त पच्चीगर,
गिरगाव, मुंबई