एकट्या मुक्कामी माणसालाही खाट मिळावी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या सीमाभागातील घरांतून मुलेमुली आता जपानला शिकायला आणि नोकरीला जाऊ लागली आहेत, आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे आईवडील, काका, मावश्याही तिकडे एखादी फेरी करून येतात. माझी भाची ओसाका शहरात शिकते. तिच्या वसतिगृहात बाहेरच्या माणसाला रात्री राहू देत नाहीत, म्हणून तिला भेटायला गेले तेव्हा मी शहराच्या दक्षिण भागात, शिन-इमामिया स्थानकाजवळच्या, प्रवाशांसाठीच्या एका स्वस्त हॉस्टेलमध्ये मुक्काम केला. पुढे जाणाऱ्या कुटुंबांना चार गोष्टी कळाव्यात, हा या पत्राचा एक हेतू आहे. त्याहून मोठा हेतू असा की, जी सोय परक्या देशातून आलेल्या एकट्या प्रौढ बाईला तिथे सहज मिळाली, ती कणकुंबीहून किंवा अथणीहून बेळगावात आलेल्या माणसाला का मिळू नये, हा प्रश्न आपल्या वाचकांपुढे आणि महापालिकेपुढे मांडावा.

अशा ठिकाणी खोली घ्यावी लागत नाही, एक खाट घेता येते. एका खोलीत सहा, आठ किंवा त्याहून जास्त दुमजली खाटा असतात. रेल्वेच्या शयनयानातील बर्थांसारखीच ही रचना, फक्त प्रत्येक खाटेला जाड पडदा, उशाशी छोटा दिवा, फोन चार्ज करायला विजेची जोडणी आणि सामानासाठी कुलुपाचे कपाट असते. केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवलेली खोली किंवा सबंध मजला बहुतेक ठिकाणी मिळतो आणि खाट राखून ठेवतानाच तशी निवड करता येते. हंगाम नसेल तर एका रात्रीला साधारण अडीच ते चार हजार येन पडतात, म्हणजे आपले दीड ते अडीच हजार रुपये. आपल्या हिशेबाने ही रक्कम लहान नाही, हे मी जाणते. परंतु ओसाकातील किमान वेतन ऑक्टोबर २०२४ मध्येच ताशी १,११४ येन झाले होते. त्या दराने तिथल्या सगळ्यात कमी मजुरीच्या माणसालाही तीन-चार तासांच्या कामात एका रात्रीचे अंथरूण परवडते. स्वस्त कशाला म्हणावे, ते त्या शहरातील मजुरीवरून ठरवावे, असे मला वाटते, आणि याच मापाचा उपयोग मी पुढे बेळगावसाठी करणार आहे.

राहण्याची शिस्त कडक आहे, पण ती कोणाच्या लहरीवर चालत नाही. पादत्राणे दारातच काढून कप्प्यात ठेवायची. दुपारी तीन-चारनंतर प्रवेश आणि सकाळी दहा-अकरापर्यंत खाट रिकामी. मधल्या वेळात सफाई होते, तेवढा वेळ सामान खाली सांभाळून ठेवतात. रात्री दहा-अकरानंतर खोलीत बोलायचे नाही, फोनवर तर नाहीच. कचरा प्रकारानुसार वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. हे सगळे जपानी, इंग्रजी, चिनी आणि कोरियन अशा चार भाषांत भिंतीवर लिहिलेले होते, त्यामुळे कोणाला काही विचारावे लागले नाही आणि कोणी हटकलेही नाही. शिस्तीचा भार पाहुण्यांनीही उचलायचा असतो. चादर आपणच घालायची, जाताना आपणच काढून टोपलीत टाकायची, चहाचा कप आपणच विसळून ठेवायचा. भाडे कमी राहते ते यामुळेच. नोकरमाणसे थोडी लागतात आणि तरीही न्हाणीघराच्या फरशीवर केसाचा गुंता दिसत नाही.

गैरसोयीही सांगायला हव्यात. वरच्या खाटेवर उभ्या शिडीने चढावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने खालची खाट आधीच मागून घ्यावी. मोठी बॅग उघडायला जागा नसते, म्हणून लागणारे कपडे वेगळ्या पिशवीत काढून ठेवावेत. पडद्याने घोरणे थांबत नाही. कानात घालायचे बोळे बरोबर न्यावेत. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची असते आणि आपली गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही, तेव्हा दोन चपट्या पिनांचा जोड इथूनच न्यावा. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, बहरात आणि त्यानंतर एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील सुट्ट्यांत दर पुष्कळ वाढतात. यांपैकी दुसऱ्या काळात आपल्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते आणि आपली माणसे निघतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. क्योटोत अगदी स्वस्त खाटेवरही रात्रीला २०० येन कर लागतो. व्हिसासाठी आपण कर्नाटकातील रहिवासी बेंगळुरूच्या जपानी वकिलातीच्या कक्षेत येतो आणि पलीकडे चंदगडला राहणारे आपलेच नातेवाईक मुंबईच्या. एकाच घराण्यातील माणसांनी बरोबर जायचे ठरवले, तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडील शाकाहारी घरांना तीच चिंता सर्वात मोठी असते. जपानी स्वयंपाकात भाजीच्या रश्शाला, नूडल्सच्या पाण्याला, सोयाबीनच्या मिसो सूपलासुद्धा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या अर्काची चव दिलेली असते. ताटात मासा दिसला नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी आहे, असे समजू नये. हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघराने ही अडचण सुटते. शेगडी, भांडी, फ्रिज, भात शिजवायचे विजेचे पातेले सगळे असते; आपल्या डब्यावर नाव आणि जाण्याची तारीख लिहून तो फ्रिजमध्ये ठेवायचा असतो. जवळच्या बाजारात भाज्या, टोफू, फळे मिळतात, आणि संध्याकाळी उशिरा तयार पदार्थांवर निम्म्या किमतीच्या चिठ्ठ्या लागतात. मी पोहे आणि मुगाची डाळ इथूनच नेली होती. फोडणीचा धूर मात्र होऊ देऊ नये, पंखा लावून मंद आचेवर करावी. माझ्या शेजारच्या खाटेवर एक तैवानी विद्यार्थिनी होती. तिने कांदेपोहे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी आपणहून कांदा चिरून दिला.

परंतु माझे लक्ष सगळ्यात जास्त वेधले ते या सोयीमागच्या कायद्याने. जपानमध्ये १९४८ पासून निवासव्यवसायाचा कायदा आहे, आणि त्यात अनेकांनी मिळून एक खोली वापरण्याचा निवास हा स्वतंत्र, मान्यताप्राप्त प्रकार आहे. स्थानिक आरोग्य केंद्राच्या तपासणीनंतर परवाना मिळतो. जागा किमान ३३ चौरस मीटर हवी. २०१६ पासून दहापेक्षा कमी पाहुणे ठेवणाऱ्यांना माणशी ३.३ चौरस मीटर एवढी सवलत मिळाली. खालच्या आणि वरच्या खाटेत साधारण एक मीटर अंतर हवे. जपानमध्ये ज्याचा पत्ता नाही, अशा परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट पाहून त्याची प्रत ठेवावी लागते, म्हणजे सुरक्षिततेकडेही दुर्लक्ष नाही. आणि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमानुसार चालकाला पाहुण्याला मनमानीपणे परत पाठवता येत नाही. जागा शिल्लक नसणे, संसर्गजन्य आजार, जुगारासारखी गैरकृत्ये अशी मोजकी कारणे ठरवून दिली आहेत. अवास्तव मागण्या करून त्रास देणाऱ्या पाहुण्याची त्यात अलीकडे, डिसेंबर २०२३ मध्ये, भर पडली. ‘बाई एकटी आहे’ हे कारण त्या यादीत नाही. हे कलम भाचीने मला जपानीतून वाचून समजावले, तेव्हा मला आपल्याच शहराची आठवण झाली. खानापूर तालुक्यातील माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला प्रशिक्षणासाठी आली असताना इथल्या एका लॉजवाल्याने ‘एकट्या बाईला खोली देत नाही’ म्हणून ओळखपत्र न पाहताच परत पाठवले होते, आणि तिने ती रात्र एका दूरच्या नातेवाइकाच्या घरी, कानकोंडे होऊन काढली होती.

शिन-इमामियाच्या परिसराचा इतिहासही आपल्याला विचार करायला लावणारा आहे. हा निशिनारी विभाग रोजंदारीच्या मजुरांचा. १९७० च्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामासाठी जपानभरातून हजारो मजूर इथे आले आणि तीन चटयांएवढ्या खोल्या रोजच्या भाड्याने देणारी निवासघरे गल्लोगल्ली उभी राहिली. १९९० नंतर जपानची अर्थव्यवस्था मंदावली, कामे आटली, मजूर म्हातारे झाले आणि खोल्या ओस पडू लागल्या. काही मालकांनी त्या इमारती सरकारी मदतीवर जगणाऱ्या वृद्धांच्या घरांसाठी दिल्या, काहींनी रंगरंगोटी करून परदेशी प्रवाशांसाठी खुल्या केल्या. कानसाई विमानतळावरून येणारी रेल्वे याच स्थानकावर थांबते, त्यामुळे प्रवासीही आले. या बदलात मजुरांवर अन्याय झालाच नाही, असे मी म्हणणार नाही. त्यांचे १९७० पासूनचे कामगार केंद्र २०१९ मध्ये बंद झाले आणि रस्त्यावर झोपणारी माणसे आजही त्या भागात दिसतात. तरीही ओस पडलेली जागा पुन्हा कोणाच्या तरी मुक्कामाला उपयोगी पडली, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आता बेळगावकडे वळते. नोकरभरतीच्या परीक्षा, विद्यापीठांची कामे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रावरील सैन्यभरती, मोठी रुग्णालये, न्यायालये, यांमुळे खानापूर, चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी अशा तालुक्यांतून माणसे इथे येतात, आणि सकाळी आठला हजर व्हायचे तर आदल्या रात्रीच यावे लागते. भरतीच्या दिवसांत तरुण मुले बसस्थानकावर आणि दुकानांच्या पायऱ्यांवर पथारी टाकतात. रुग्णांचे नातेवाईक व्हरांड्यात झोपतात. परीक्षेला एकट्या मुलीला पाठवायचे तर बरोबर भाऊ किंवा वडील येतात, त्यांचाही एका दिवसाचा रोजगार बुडतो, आणि ज्या घराला तो बुडवणे जमत नाही, त्या घरातील मुलगी परीक्षाच देत नाही. शिक्षिका म्हणून नोकरी करताना अशा मुली मी वर्गात शिकवल्या आहेत.

माझी सूचना अशी आहे. शहापूर, वडगाव, टिळकवाडी, अनगोळ या भागांत मंगल कार्यालये पुष्कळ आहेत. चातुर्मासात लग्ने नसतात आणि एरवीही मुहूर्त नसलेल्या दिवशी ती रिकामी असतात. गाद्या, उशा, पाण्याच्या टाक्या, न्हाणीघरे, स्वयंपाकघर हे सगळे तिथे आधीपासूनच आहे. लाकडी किंवा लोखंडी घडीच्या खाटा, कापडाचे पडदे, कुलुपाची कपाटे आणि स्त्रियांसाठी वेगळा मजला, एवढी भर घातली, तर रिकाम्या दिवसांत खाटेमागे भाडे घेऊन मुक्कामाची सोय होऊ शकते. भाडे रोजगारावर जाणाऱ्या माणसाच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीपेक्षा अधिक नसावे. स्त्रियांच्या मजल्यावर रात्रभर स्त्री कर्मचारी असावी. ओळखपत्राची नोंद व्हावी, पोलिसांना ती पाहता यावी. महापालिकेने अशा मुक्कामासाठी वेगळा, साधा परवाना द्यावा, त्यात माणशी जागा, शौचालयांची संख्या आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग यांच्या अटी स्पष्ट लिहाव्यात आणि आरोग्य विभागाने त्या तपासाव्यात. ओळखपत्र आहे आणि खाट रिकामी आहे, अशा माणसाला तो एकटा आहे म्हणून परत पाठवता येणार नाही, ही अट परवान्यातच असावी. नियमांचा फलक कन्नडबरोबर मराठीतही असावा. खानापूरच्या खेड्यातून आलेल्या आजीला तो स्वतः वाचता आला पाहिजे.

पुढच्या भरतीच्या किंवा मोठ्या परीक्षेच्या वेळी एखाद्या मंगल कार्यालयाने दोन रात्रींपुरता हा प्रयोग करून पाहावा, अशी कार्यालयांच्या चालकांना आणि आपल्या भागातील नगरसेवकांना माझी विनंती आहे. नियमावलीचा मसुदा मराठीत लिहून देण्यास मी तयार आहे, आणि कन्नड मसुद्यासाठी माझ्या जुन्या शाळेतील सहकारी मैत्रिणीने होकार दिला आहे. इच्छुकांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत निरोप पाठवावा.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
शहापूर, बेळगाव