सही करण्याआधी

प्रिय सई,

एजंटने पाठवलेला एनर्जी ड्रिंकच्या जाहिरातीचा करारनामा वाचला. तुला १८ पूर्ण झाली आहेत, त्यामुळे सही तुझी एकटीची चालते आणि निर्णयही तुझाच. मी फक्त कॅनच्या मागची बाजू आणि करारातली बारीक अक्षरं वाचून दाखवते.

आधी कॅन. आपल्याकडे एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. साखर १०० मिलीला साधारण ११ ग्रॅम धरलीस, तर कॅनमध्ये २७ ग्रॅम, चहाच्या चमच्याने जवळजवळ सात चमचे. वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना सांगते. तो कोटा एका कॅनमध्येच संपला.

आता तोच कॅन दोन शरीरांत ओतून बघ. तुझं वजन ५८ किलो, म्हणजे किलोमागे १.३ मिलिग्रॅम कॅफिन. तुझ्या बॅडमिंटन अकॅडमीत अकरा वर्षांखालच्या बॅचला येणारं पोरगं ३० किलोचं, त्याला किलोमागे अडीच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी दिवसाची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम धरली आहे. कॅनसोबत एक कप चहा झाला की त्याने ती ओलांडली. मोठ्यांच्याही शरीरातून निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाला प्यायलेल्यातलं निम्मं रात्री अकराला आत असतंच. मग झोप उडते, सकाळी सहाच्या सरावाला पाय उचलत नाहीत, आणि पोराला वाटतं आणखी एक कॅन हवा. कॅनवर ‘मुलांसाठी योग्य नाही’ असं छापलेलं असतं, पण ते मागे, बारीक अक्षरांत. पुढे तुझा फोटो असेल.

खेळाडूला कॅफिनचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. २००४ पर्यंत ते प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीत होतं, ते उगाच नाही. सामन्याच्या तासभर आधी किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे तुझ्यासाठी १७५ च्या आसपास, हा मोजूनमापून घ्यायचा डोस आहे आणि तो साध्या कॉफीतूनही मिळतो. जाहिरातीत मात्र डोस, वजन, वेळ यातलं काहीच येत नाही. येतो तुझा जंप स्मॅश, म्हणजे उडी घेऊन मारलेला फटका, आणि पाहणारा अर्थ लावतो की ही उडी या कॅनमुळे आली. ती कशामुळे आली ते तुला माहीत आहे. या सगळ्यात मला खटकतं ते नेमकं हे.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी १०० नामवंत खेळाडूंच्या जाहिराती तपासल्या होत्या, तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पुरस्कार केलेल्या ४६ पेयांपैकी ९३ टक्के पेयांतल्या सगळ्या कॅलरी वरून घातलेल्या साखरेच्या होत्या. यादीत वरच्या नावांत बास्केटबॉलचा लेब्रॉन जेम्स आणि टेनिसची सेरेना विल्यम्स होते, म्हणजे शरीर हेच ज्यांचं भांडवल आहे अशी माणसं.

आपल्याकडची उदाहरणं तू ऐकली आहेस, पण ती एका मापाची नाहीत. गोपीचंदनी २००१ मध्ये ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनची मानाची स्पर्धा जिंकल्यावर कोलाची जाहिरात नाकारली. बॅडमिंटनपटूकडे तेव्हा अशा ऑफरची रांग लागत नव्हती, आणि पुढे अकॅडमीसाठी त्यांना घर गहाण ठेवावं लागलं. त्या पैशावर पाणी सोडणं खरोखर महाग होतं. विराट कोहलीने २०१७ मध्ये पेप्सी सोडली, जे मी पीत नाही ते दुसऱ्याला प्या म्हणणार नाही, या भूमिकेवर. भूमिका योग्यच, पण तोवर काही वर्षं जाहिरात करून झाली होती. रोनाल्डोने २०२१ च्या युरो स्पर्धेत कोकच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि जगभर टाळ्या पडल्या. त्यानेही तरुणपणी कोकची जाहिरात केलेली आहे. सचिनने तंबाखू आणि दारू कायम नाकारली, पेप्सी मात्र वर्षानुवर्षं केली. प्रत्येकाची रेघ वेगळी, आणि काळाबरोबर ती सरकतेही. १९९६ चा विश्वचषक सिगारेटच्या नावाने खेळला गेला, आपले खेळाडू तेच नाव छातीवर लावून फिरायचे, आणि फारसं कुणाला गैर वाटलं नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पुरस्कर्त्यालाही, म्हणजे जाहिरातीत झळकणाऱ्यालाही, १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिवाय एक वर्ष कुठलीच जाहिरात करायला बंदी, पुढच्या वेळी तीन वर्षं. दाव्याची खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर सुटका. २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पुरस्कर्त्याचं मत प्रामाणिक आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं हवं. त्याच सूचनांनी मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर चिप्स, कोला यांच्या जाहिराती बंद केल्या. पण क्रिकेटचा किंवा बॅडमिंटनचा सामना ‘मुलांचा कार्यक्रम’ धरला जात नाही. निम्मी पोरं तिथेच बसलेली असतात, आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

आता करारनामा. कलम ४ मध्ये ‘सर्व प्रकारची पेयं’ असा शब्दप्रयोग आहे. सही केलीस तर दोन वर्षं तुला दूध, नारळपाणी, साधं बाटलीबंद पाणी यांचीसुद्धा जाहिरात करता येणार नाही. तिथे ‘कॅफिनयुक्त पेयं’ एवढंच हवं. कलम ७: मजकूर पाठवल्यावर ४८ तासांत उत्तर आलं नाही तर तुझी संमती गृहीत. तू स्पर्धेला परदेशात असशील आणि इकडे ‘दमसास वाढतो’ असं तुझ्या तोंडी घालून मोकळे होतील. लेखी होकाराशिवाय संमती नाही, असं बदलून घे. कलम ९ मध्ये नुकसानभरपाईचा सगळा बोजा तुझ्यावर टाकला आहे. उत्पादनाबद्दलचे दावे कंपनीचे, तर त्यांची भरपाई कंपनीने द्यायची. प्रत्येक दाव्यामागचा चाचणी अहवालही मागून घे, उद्या खातरजमेचा पुरावा म्हणून तोच लागेल. कलम ११ प्रमाणे करार संपल्यावरही ‘माल संपेपर्यंत’ तुझा फोटो वापरता येईल. तिथे तीन महिन्यांची मुदत घाल. आणि खेळताना कोर्टवर कंपनीची बाटली ठेवायची अट आहे. अशा बाटलीत काही जण स्वतःचं मीठ-साखरेचं पाणी भरून पितात. ते मला कॅनपेक्षाही वाईट वाटतं, कारण तिथे फसवणूक ठरवून केलेली असते.

ते म्हणतील, मग आमचं बिनसाखरेचं घ्या. कॅफिन तेवढंच, लोगो तोच, आणि दुकानात पोरगं लोगो बघून स्वस्तातला साखरेचा कॅन उचलतं.

पैशाचं मी हलकं धरत नाही. शटलचा डबा, रॅकेटच्या तारांचं गटिंग, विमानाची तिकिटं, फिजिओ यांचा हिशोब तुला माझ्यापेक्षा चांगला कळतो. क्रिकेटच्या कोट्यवधींपुढे नैतिकतेचं बिल बॅडमिंटनच्या पोरींनीच का भरावं, हा प्रश्नही रास्त आहे, आणि नकार देणाऱ्याला तो पैसा दुसरीकडून मिळेलच असं नाही. म्हणून उत्तर ‘नाही’च दे, असं मी लिहीत नाही. रक्कम मात्र १० टक्के टीडीएस आणि एजंटचा वाटा वजा करूनच बघ, आणि उरलेल्या आकड्यासमोर अकरा वर्षांखालची ती बॅच ठेव.

शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं आहे. हो असो की नाही, फोनवर सांगू नकोस, ईमेलने कळव. बदल सुचवणार असशील तर ४, ७, ९ आणि ११ ही चारही कलमं एकाच पत्रात घाल, एकेक करून मागितलीस तर दुसऱ्यावरच अडवतील.

तुझी,
आई