लिथियमच्या गोळीविषयी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मनाच्या आजारावरच्या लिथियमच्या गोळ्या बंद करू का, असे तू परवा फोनवर विचारलेस, मी घाईने नाही म्हणाले आणि तू गप्प झालास. आठ महिने झोप नीट आहे, कामावर जातो आहेस, मग हाताला कंप आणणारी आणि सारखी तहान लावणारी गोळी कशासाठी घ्यायची, हा तुझा प्रश्न रास्त आहे. नुसत्या नकाराने त्याचे उत्तर होत नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या मोठ्या मामाला तू पाहिले नाहीस. तो गावच्या शाळेत गणित शिकवीत असे. १९७४ च्या पावसाळ्यात त्याची झोप उडाली. रात्ररात्र जागून तो वह्या भरून काढी, महिन्याचा पगार त्याने दोन दिवसांत वाटून टाकला आणि आपण नदीवर धरण बांधणार आहोत, असे साऱ्या वाडीला सांगत सुटला. घरच्यांनी आधी देवाला कौल लावला, मग भगत आणला, आणि काहीच चालेना तेव्हा त्याला पडवीतल्या खांबाला चऱ्हाटाने बांधले. मी अकरा वर्षांची होते. त्याला पाणी पाजण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्याच्या मनगटांवरचे वळ मला अजून दिसतात. पुढे शहरातल्या एका इस्पितळात त्याला भूल न देता विजेचे झटके दिले गेले. चार महिन्यांनी तो घरी आला तेव्हा शांत होता, पण वर्गात पुन्हा कधी उभा राहिला नाही. घरात त्या आजाराचे नाव काढायचे नाही, असे सर्वांनी न बोलता ठरवून टाकले. तुझ्या आजारपणात मी सुरुवातीचे तीन आठवडे दवडले, त्याचे मूळ त्या गप्प बसण्यात आहे, आणि त्याबद्दल मी स्वतःला क्षमा केलेली नाही.

मामाचे जुने कागद मी गेल्या वर्षी पुन्हा वाचले. त्यांत लिथियम हा शब्द कुठेही नाही. वास्तविक त्या वेळी या औषधाचा शोध लागून पंचवीस वर्षे झाली होती. जपानी युद्धकैदेतून सुटून आलेले ऑस्ट्रेलियन डॉक्टर जॉन केड मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयातील वापरात नसलेल्या स्वयंपाकघरात गिनीपिगांवर प्रयोग करीत असत. लिथियमचे क्षार टोचल्यावर ते प्राणी शांत पडून राहतात, असे त्यांना आढळले. आधी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले, मग उन्मादाच्या, म्हणजे मामासारखी झोप उडून मन बेभान झालेल्या, दहा रुग्णांना दिले आणि १९४९ मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी एगास मोनिझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या शस्त्रक्रियेने कितीतरी माणसांचे व्यक्तिमत्त्वच पुसले गेले तिचा गौरव झाला, आणि साधा, स्वस्त क्षार मात्र बरीच वर्षे बाजूला पडून राहिला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

केड यांच्या पहिल्या रुग्णाची हकिगत तू नीट वाच. पाच वर्षे उन्मादात असलेला तो माणूस काही महिन्यांत घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. बरे वाटू लागल्यावर त्याने औषधात हयगय केली, मग ते बंदच केले, आणि आजार उलटला. पुन्हा लिथियम सुरू झाले, पण पुढे त्याच औषधाच्या विषबाधेने १९५० मध्ये त्याचा मृत्यू झाला. हा दुसरा भाग मी तुझ्यापासून लपवणार नाही. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असते, म्हणून तर तुझ्या रक्तातील लिथियमची पातळी, थायरॉईड आणि मूत्रपिंडाचे काम ठरावीक काळाने तपासतात. जुलाब-उलट्या झाल्या किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली तर ही पातळी वाढू शकते, तेव्हा असे काही झाले तर लगेच डॉक्टरांना कळव. कंपाचेही त्यांना सांग. मात्रा कमी करता येते का, ते पाहतील. एकदम बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका अधिक असतो. बंद करायचीच वेळ आली तर ती हळूहळू, त्यांच्या देखरेखीखाली.

विजेच्या झटक्यांविषयीही माझे मत बदलले आहे. रोममध्ये १९३८ साली चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केलेला हा उपचार आता भूल देऊन, स्नायू सैल करणारे औषध देऊन करतात, आणि तीव्र नैराश्यात अन्नपाणी सोडलेल्या माणसाला तो वाचवू शकतो. मामाला तो ज्या रीतीने दिला गेला, ती रीत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केली. रुग्णाला साखळीने बांधणेही त्याच कायद्याने निषिद्ध ठरवले. त्याआधी २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या आश्रमात आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेल्या माणसांना पळताही आले नाही. ती बातमी ऐकली त्या रात्री मला आमच्या पडवीतला खांब दिसत होता.

त्याच कायद्याने तुला एक अधिकार दिला आहे. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि निर्णय घेता येणार नाही अशा वेळी आपल्या वतीने कोणी बोलावे, हे सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येते. मामाला हे कोणी विचारलेच नव्हते. तू बरा आहेस तोवर तो कागद तयार कर. माझ्याऐवजी ताईचे नाव घालावेसे वाटले तरी मला वाईट वाटणार नाही. दिवाळीला येशील तेव्हा तो घेऊन ये, सोबत रक्ततपासणीचा अहवालही आण. आपण दोघे बसून वाचू.

तुझी,
आई