हिस्टो (ऊतिशास्त्र) लॅबमधल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

प्रबंध गेल्या आठवड्यात सबमिट केला. ऋणनिर्देशात तुमचं नाव आहे, पण त्या एका ओळीत वज्रीची गोष्ट मावेना, म्हणून हे पत्र.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या कॉम्प्युटरमधली त्वचा साप कात टाकतो तशी वागत होती. बाह्यत्वचेची पेशी तळाच्या थरात जन्मते, वर सरकते आणि साधारण चार आठवड्यांत गळते, असं वाचलेलं. मी त्या आकड्याचाच नियम केला: २८ दिवस भरले की पेशी पुसायची. सगळ्या पेशी एकाच दिवशी सुरू केलेल्या, त्यामुळे अठ्ठाविसाव्या दिवशी अख्खा थर गायब! मग जन्मवेळा मागेपुढे केल्या, रोज गळणाऱ्या पेशींचा आलेख सपाट झाला आणि मी खूश.

तुम्ही तेव्हा मेणात बसवलेल्या ऊतींचे पातळ काप, सेक्शन, घेत होतात. कोमट पाण्यावर तरंगणारी मेणाची रिबन काचेवर उचलता उचलता सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरमध्ये कुणी टाच घासत नाही वाटतं? मग आमच्या घरी वज्री कशाला?"

त्या दिवशीचे मेणाचे ब्लॉक तसेच ठेवून तुम्ही दोन स्लाइड लावून दिल्यात. हाताच्या त्वचेचा वरचा थर सैल, टोपलीच्या विणीसारखा. चपट्या मेलेल्या पेशी कडांनी एकमेकींना धरलेल्या, मध्ये सुटलेल्या. तळपायाचा थर मात्र गुलाबी, घट्ट आणि कितीतरी जाड. पेशी वय झालं म्हणून पडतच नाही. शेजारणींशी जोडणारे प्रथिनांचे सांधे एन्झाइम कापत जातात, ते तुटले की ती सुटते. तळपायात हे सांधे जास्त टिकतात. हे मीही वाचलं होतं, पण त्या दिवशी दिसलं.

घरी येऊन २८ खोडलं. प्रत्येक सांध्याला ताकद दिली आणि ती झिजायचा वेग दिला. वेग कमी केला की त्याच कोडमधून टाच उगवते! (पहिल्यांदा इतका कमी केला की थर वाढायचा थांबेचना.)

एक मात्र अडलंय. सोरायसिसच्या स्लाइडवर तुम्ही दाखवलेले ते जांभळे ठिपके. पेशी काही दिवसांतच वर येऊन पोचतात, केंद्रक टाकायचंही राहून जातं; ठिपके त्याचेच. माझ्या मॉडेलमध्ये पेशी कितीही घाईत असली तरी केंद्रक शिस्तीत टाकूनच वर येते. सोमवारी येते. ती स्लाइड काढून ठेवाल?

तुमची,
वज्रीवाली