हातातला जीपीएस घेण्याआधी एवढं वाचा

सभासदहो, मांडवा-खांदेरीच्या फेऱ्यांसाठी बरेच जण जीपीएस घेताहेत, म्हणून कळकळीने लिहितो. शिडाच्या होडीवर मोबाइलच्या भरवशावर राहू नका. खाऱ्या पाण्याचे चार थेंब पडले की टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही. बटणांचाच घ्या, आणि तरंगणारा घ्या. ‘आयपीएक्स७’ ही पाण्यापासून बचावाची खूण म्हणजे जीपीएस १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो एवढंच, तो बुडणार नाही असं नव्हे! गार्मिन कंपनीचा ७९एस तरंगतो आणि साध्या एए सेलवर चालतो. माणूस पाण्यात पडल्यावर जागेची नोंद करणारं बटण दुकानातच डोळे मिटून, चाचपून शोधून बघा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं मॉडेल परदेशातून आणू नका. परवान्याशिवाय ते भारतात बाळगता येत नाही. घेतल्यावर जीपीएसमधला डेटम (अक्षांश-रेखांश ज्या संदर्भावरून मोजतात तो) कागदी नकाशावर छापलेल्या डेटमशी जुळवून घ्या.